गाईचे औषध अजगराला चालेल काय?

गेल्या महिन्यात आम्हांस आलेल्या पत्रांत खानापूर तालुक्यातील एका वयोवृद्ध वाचकांचे पत्र होते. त्यांचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये सहकुटुंब राहतात. तेथे त्यांनी एक अजगर पाळला आहे. हल्ली त्या अजगराच्या अंगावर काळे, बारीक किडे दिसू लागले असून तो दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात बसून असतो. तेथील जनावरांच्या डॉक्टरांची फी भारी. म्हणून चिरंजीवांनी वडिलांस कळविले आहे की, गोठ्यातील गाईंना गोचिडांसाठी आपण जे इंजेक्शन आणता, त्याची एक बाटली इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवून द्यावी. वडील आम्हांस विचारतात: बाटली पाठवावी काय? अजगराला झाले आहे तरी काय? आणि घरात दीड वर्षाची नात आहे, तिला त्यापासून काही बाधा होईल काय?

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. वाचकांपैकी कोणी म्हणतील की, मुळात साप पाळायचा आणि वर त्याला औषधपाणी करायचे, हे कसले चोचले! परंतु ज्या बाटलीविषयी हा प्रश्न आहे ती बाटली आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्यात, फळीवर, कंदिलाशेजारी ठेवलेली असते. ती कोणाला, किती आणि केव्हा द्यावी, याबद्दल आपणही बहुधा अंदाजानेच चालतो. म्हणून हे उत्तर केवळ त्या एका घरासाठी नाही, असे समजून सर्वांनी वाचावे.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून घेऊ. परदेशात घरोघरी जो अजगर पाळतात तो आपल्या रानातील अजस्र अजगर नव्हे. त्यास 'बॉल पायथन' म्हणतात. घाना, टोगो, बेनिन इत्यादी पश्चिम आफ्रिकेतील देश हे त्याचे मूळ घर. भ्याला की तो अंगाचे वेटोळे करून डोके मध्ये लपवितो व चेंडूसारखा दिसतो, म्हणून हे नाव. तो बिनविषारी असून स्वभावाने बुजरा असतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन बहुधा दीड किलोच्या आसपास भरते. पाळलेल्या स्थितीत तो वीस ते तीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठीच्या पुढे होते. यावरून ध्यानात यावे की, हौसेने घरी आणलेला हा प्राणी घरातील मुले मोठी होऊन त्यांची लग्ने होईपर्यंतही सोबत राहू शकतो.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातील साप पकडणे व पाळणे हा गुन्हा ठरतो. शेतात धामण दिसली, तिच्या अंगावर गोचीड दिसला, म्हणून तिला धरून औषध लावण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. रानातील साप आपल्या किड्यांसह जगत आलेला असतो. तो ऊन खातो, पाण्यात डुंबतो, कात टाकतो आणि जागा बदलतो. पेटीत ठेवलेल्या सापाला मात्र जागा बदलता येत नाही, आणि चिरंजीवांच्या अजगराच्या दुखण्याचे मूळ नेमके येथेच आहे.

आता ते काळे किडे. पाळीव सापांना छळणारा हा कीटक गोचिडाच्याच गोतातला, पण आकाराने काळ्या तिळाहूनही बारीक असतो. इंग्रजीत अशा कीटकांना 'माइट' म्हणतात. आपले बागाईतदार पिकावरील ज्या किडीला 'लाल कोळी' म्हणून ओळखतात, तिचाच हा रक्त पिणारा भाऊबंद समजावा. शास्त्रज्ञांनी १८४४ साली त्याचे वर्णन करून ठेवले असून 'ऑफिओनिसस नॅट्रिसिस' असे त्याचे लांबलचक नाव आहे. सापाच्या खवल्यांखाली, हनुवटीच्या घडीत आणि डोळ्यांच्या कडेला तो दडून बसतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, आणि त्या खवल्याच्या कडेची खाच या किड्यास आयती सापडते. अंगाला सतत खाज सुटल्यामुळे बिचारा साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो. भांड्याच्या तळाशी काळे कण साचलेले दिसतात, ते बुडून मेलेले किडेच होत. चिरंजीवांनी लिहिलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. तरी पण पत्रावरून निदान करणे हे आमचे काम नव्हे. ते डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहूनच करावे.

या किड्याची राहणी मात्र प्रत्येकाने समजावून घेण्यासारखी आहे. तो रक्त सापाचे पितो, पण अंडी सापाच्या अंगावर घालीत नाही. पोट भरले की मादी अंगावरून उतरते व पेटीच्या सांधीकोपऱ्यांत, लाकडाच्या भेगांत, अंथरलेल्या भुशात अंडी घालते. एक मादी आयुष्यभरात साठ ते ऐंशी अंडी घालते. २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला किडा होण्यास १३ ते १९ दिवस पुरतात. अजगराला ऊब हवी म्हणून त्याची पेटी बारा महिने तापविलेली असते. ती ऊब किड्यांच्या अंड्यांनाही मानवते. आपल्या गोठ्यातील अनुभव आठवून पाहा. गाईच्या अंगावरचे गोचीड वेचून टाकले तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा दिसतात, कारण रक्त पिऊन टम्म झालेली गोचिडी खाली पडून भिंतीच्या भेगांत अंडी घालून बसलेली असते. जो शेतकरी गाईबरोबर गोठ्याच्या भिंतीही साफ करतो, त्याचीच गाय सुटते. अजगराच्या पेटीचेही तसेच आहे. नुसत्या सापाला औषध दिले आणि पेटी तशीच ठेवली, तर तीन आठवड्यांनी दुखणे पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

हे किडे क्षुल्लक समजू नयेत. संख्या वाढली म्हणजे लहान किंवा अशक्त सापाच्या अंगातील रक्त कमी होते, कात नीट सुटत नाही, भूक मरते. शिवाय एका सापाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाताना ते रोगजंतूही वाहून नेतात. उपाय लवकर व पुरता केला तर प्राणी बहुधा बरा होतो, हीही गोष्ट तितकीच खरी आहे.

येथवर दुखणे कळले. आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर: बाटली पाठवू नये. त्याची कारणे आम्ही सविस्तर देतो, कारण 'पाठवू नका' एवढे म्हटल्याने मुलाची समजूत पटणार नाही.

त्या बाटलीत जे औषध असते त्यास 'आयव्हरमेक्टिन' म्हणतात. औषध मोठे गुणाचे आहे, यात शंका नाही. जपानमधील सातोशी ओमुरा या शास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांतून एक सूक्ष्म जीव सापडला. त्यापासून अमेरिकेत विल्यम कँबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध सिद्ध केले. १९८१ पासून ते जनावरांसाठी विक्रीस आले. पुढे आफ्रिकेतील लक्षावधी गोरगरिबांची दृष्टी त्याने वाचविली, आणि २०१५ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पण गुणकारी औषधच चुकीच्या मापाने अधिक अपाय करते.

ते माप कसे ते पाहा. गाईच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. तीनशे किलो वजनाच्या गाईला त्यातील ६ मिलिलिटर टोचावे लागते. सापासाठी हे औषध वापरायचे झाल्यास पशुवैद्य साधारणपणे किलोमागे ०.२ मिलिग्रॅम हे प्रमाण धरतात. म्हणजे दीड किलोच्या अजगराला ०.३ मिलिग्रॅम, अर्थात बाटलीतील केवळ ०.०३ मिलिलिटर. साधा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा असतो. तेव्हा चिरंजीवांनी मोठ्या काळजीने 'फक्त एकच थेंब' दिला, तरी तो दीडपटीहून अधिक झाला. वजन डोळ्यांनी अजमावले असेल आणि साप प्रत्यक्षात एक किलोचाच असेल, तर तोच थेंब अडीचपट होतो. गाईच्या सुईने हे माप घेणे म्हणजे तांदूळ मोजायच्या पायलीने सोने मोजण्यासारखे आहे. पशुवैद्य हे औषध आधी पातळ करून घेतात, बारीक मापाची सिरिंज वापरतात, आणि त्यापूर्वी प्राणी तराजूवर तोलतात.

दुसरे कारण प्राण्याच्या देहरचनेत आहे. हे औषध किड्यांच्या व जंतांच्या नसा लुळ्या पाडते. गाईच्या मेंदूभोवती जी नैसर्गिक अटक असते ती औषधाला मेंदूत शिरू देत नाही, म्हणून गाय सुरक्षित राहते. सर्वच प्राण्यांत ही अटक तितकी भक्कम नसते. कासवाला हे औषध दिल्यास ते लुळे पडून मरण्याचा धोका असतो, म्हणून पशुवैद्य कासवांसाठी ते वर्ज्य मानतात. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांनाही जन्मतःच असलेल्या दोषामुळे त्याची मोठी मात्रा सोसत नाही. साप बहुधा सोसतो. तथापि अशक्त किंवा अंगातील पाणी आटलेल्या सापांना, तसेच मात्रा अधिक झालेल्या सापांना त्यापासून अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. साप हा थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याची पेटी थंड असेल तर त्याचे पचन मंदावते, तसेच औषधाचा निचराही मंदावतो. त्यास सुई टोचायची तर ती शरीराच्या पुढील अर्ध्या भागात टोचतात, कारण मागील भागातील रक्त हृदयाकडे परतण्याच्या वाटेवर मूत्रपिंडांतून जाऊ शकते व औषधाचा परिणाम बदलतो. या गोष्टी बाटलीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात, कारण ती चिठ्ठी गाईसाठी लिहिलेली असते.

तिसरे कारण कायद्याचे. पशुवैद्यकीय औषध परवान्याविना परदेशातून मागविण्यास इंग्लंडमध्ये मनाई आहे. एखाद्या शेजाऱ्याच्या बॅगेत ती बाटली घातली आणि विमानतळावर त्या गरिबाला जाब द्यावा लागला, तर त्याचा दोष कोणाकडे जाईल, याचा विचार वडिलांनी करावा.

मग मुलाने करावे काय? याचे उत्तर दिल्याविना आमचा नकार अपुरा राहील.

पहिली गोष्ट ही की, स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एका डब्यात ठेवून त्याने अजगराचे वजन करावे व ते लिहून ठेवावे. दुसरी, जवळच्या कोणत्याही डॉक्टरांकडे धाव न घेता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य कोण, याची चौकशी करावी. कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टर असले तरी सापाचा अनुभव सर्वांनाच असतो असे नाही. फी किती पडेल ते आधीच दूरध्वनीवरून विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जाताना चिकटपट्टीवर चार-दोन किडे धरून न्यावेत आणि झाकणाच्या स्वच्छ डबीत प्राण्याची ताजी विष्ठा न्यावी. या दोन वस्तू जवळ असल्या तर पहिल्याच भेटीत बरेच काम होते व दुसऱ्या भेटीची फी वाचण्याचा संभव असतो. अजगराला सुती पिशवीत घालून, ती पिशवी उबदार पेटीत ठेवून न्यावे. वाटेत त्याला थंडी लागू देऊ नये.

घरी करावयाचे काम मात्र त्याचे त्यालाच करावे लागेल, आणि ते फुकट आहे. पेटीतील भुसा, साली, खरडे सर्व काढून पिशवीत बांधून बाहेर टाकावे. त्याऐवजी साधा कागद अंथरावा व तो रोज बदलावा. पांढऱ्या कागदावर काळे किडे चटकन दिसतात, हा त्याचा दुसरा फायदा. लपण्यासाठी लाकडाचा ओंडका असेल तर तो काढून पुठ्ठ्याचे खोके ठेवावे व तेही वरचेवर बदलावे. पेटीचे सांधे, बिजागरे, कोपरे गरम पाण्याने व साबणाने घासावेत, आणि पेटी पूर्ण कोरडी झाल्यावरच प्राणी आत सोडावा. ती पेटी ज्या खोलीत असते त्या खोलीची जमीनही झाडून, पुसून घ्यावी. कोमट पाण्यात अजगराला थोडा वेळ बसविल्यास अंगावरचे पुष्कळ किडे बुडतात. पाणी उथळ असावे व कोणीतरी समोर बसलेले असावे. डोक्यावरचे किडे मात्र यातून सुटतात, म्हणून स्नान हा पूर्ण उपाय नव्हे. डॉक्टरांनी दिलेले औषध एकदाच देऊन थांबू नये. बहुतेक औषधे अंड्यांना मारीत नाहीत, म्हणून अंडी फुटून नवे किडे निघण्याच्या सुमारास डॉक्टर पुन्हा मात्रा देण्यास सांगतात. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. किडे दिसेनासे झाले म्हणून दुसरी मात्रा टाळणारे लोक हेच पुढे औषधाला दोष देतात.

काय करू नये, तेही सांगतो. रॉकेल, तंबाखूचे पाणी, गोठ्यात फवारायचे औषध यांपैकी काहीही सापाच्या अंगाला लावू नये. पूर्वी परदेशात डायक्लोरव्हॉस नावाच्या विषाने भिजविलेल्या, माशा मारण्याच्या पट्ट्या पेटीत टांगीत असत. किडे मरत हे खरे, परंतु बंद पेटीत त्याची वाफ सापाच्याही नसांवर परिणाम करी. तसल्या जुन्या युक्त्या कोणी सांगितल्या तर त्या ऐकू नयेत.

विष्ठेची तपासणी का, असे कोणी विचारील. किडे अंगावर दिसतात, पण जंत पोटात असतात व ते केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. रानातून पकडून आणलेल्या सापांत नाना प्रकारचे जंत सापडतात. घरातच जन्मलेल्या व गोठविलेले उंदीर खाणाऱ्या सापात ते पुष्कळ कमी आढळतात. येथे एक मौजेची गोष्ट आहे. सापाच्या विष्ठेत जंतांची अंडी दिसली तरी ती सापाच्या जंतांचीच असतील असे नाही. त्याने गिळलेल्या उंदराच्या पोटातील जंतांची अंडी तशीच बाहेर पडलेली असू शकतात. अनुभवी डॉक्टर ती ओळखतात व नसलेल्या रोगावर औषध देत नाहीत. उगाच दिलेले जंताचे औषधही निरुपद्रवी नसते. याच्या उलट 'क्रिप्टोस्पोरिडियम' नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याने सापाचे पोट मध्येच सुजते व खाल्लेले उलटून पडते. त्यावर खात्रीचा उपाय आजही हाती आलेला नाही. म्हणून ज्यांच्या घरी दोन साप असतील त्यांनी नवा साप आल्यावर तो निदान दोन-तीन महिने निराळ्या खोलीत ठेवावा, असे जाणते लोक सांगतात. नवी शेळी आणल्यावर आपले जुने लोक तिला काही दिवस कळपाबाहेर बांधीत, त्यातलाच हा शहाणपणा आहे.

आता नातीविषयी. हा प्रश्न वडिलांनी शेवटी विचारला असला तरी तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सापावरचे माइट क्वचित माणसाला चावतात व अंगावर लाल, खाजरे पुरळ उठते. परंतु माणसाच्या अंगावर ते घर करीत नाहीत. याहून मोठी काळजी 'साल्मोनेला' या जंतूची आहे. धडधाकट दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही हा जंतू असू शकतो, आणि लहान मुलांना त्यापासून ताप, हगवण, क्वचित जिवावरचे दुखणे होते. म्हणून पाच वर्षांखालील मुलांनी सापाला किंवा त्याच्या पेटीला हात लावू नये, असा आरोग्यखात्यांचा सल्ला असतो. सूनबाईंनी व चिरंजीवांनी सापाला हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. सापाचे पाण्याचे भांडे स्वयंपाकघरातील मोरीत किंवा मुलीला आंघोळ घालतात तेथे कधीही धुऊ नये. मुलीला ताप व हगवण झाली तर 'आमच्या घरी साप आहे' हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. लाजेपोटी ही एक गोष्ट लपविली गेली तर निदानाला उशीर होतो.

राहता राहिली फी. परदेशातील संसार येथून दिसतो तितका सुखाचा नसतो, हे आम्ही जाणतो. घरभाडे, मुलीचा खर्च, इकडे पाठवायचे पैसे, आणि त्यात अजगराचे डॉक्टर! तथापि तेथील २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याप्रमाणे पाळलेल्या प्राण्यास योग्य जागा व आहार देणे आणि त्याला वेदना व रोगांपासून जपणे ही धन्याची जबाबदारी ठरविलेली आहे. साप ओरडत नाही, लंगडत नाही, दाराशी येऊन डोळ्यांत पाणी आणीत नाही. म्हणून त्याला दुखत नाही असे समजणे सोयीचे असते, इतकेच. खर्च खरोखरच झेपत नसेल तर जाणत्या माणसाच्या किंवा अशा प्राण्यांना आसरा देणाऱ्या संस्थेच्या हवाली त्यास करावे, आणि त्या वेळी 'याला किडे झाले आहेत' हे स्पष्ट सांगावे. रोग लपवून प्राणी दुसऱ्याच्या गळ्यात मारणे ही बाजारातील लबाडी आपल्या परिचयाची आहे. ती आपल्या मुलांनी परदेशी जाऊन करू नये.

रात्रीच्या वेळी नेऊन कोठेतरी सोडून देणे हा विचार मात्र मनातही आणू नये. तसे करणे तेथे गुन्हा आहे, आणि आफ्रिकेचा हा प्राणी इंग्लंडच्या थंडीत तगणारही नाही. जेथे असे प्राणी तगले तेथे काय झाले, याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात आहे. ब्रह्मदेशाकडील मोठे अजगर तेथे पाळीव म्हणून आले. काही निसटले, काही सोडले गेले, आणि दलदलीच्या रानात त्यांची वंशवृद्धी झाली. त्यांनी तेथील पशुपक्षी फस्त केले, ही गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. पण त्यांच्या फुप्फुसांतून 'रॅलिएटिएला' नावाचा आशियातील एक परजीवीही तेथे आला. तो फ्लॉरिडातील मूळच्या सापांना जडल्याचे २०१८ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. त्या सापांना या रोगाची पूर्वी कधी गाठ पडली नव्हती. एका घरच्या पेटीतील दुर्लक्षिलेला परजीवी रानातील पिढ्यांचे दुखणे होऊन बसला.

शेवटी आपल्या गोठ्याकडे वळू. तीच बाटली आपणही अंदाजाने वापरतो. गाईसाठी आणलेल्या बाटलीतून उरलेले शेळीला, आणि त्यातून उरलेले दाराशी बसलेल्या कुत्र्याला, ही चाल बंद झाली पाहिजे. शेळीचे व कुत्र्याचे माप गाईचे नव्हे. दुभत्या गाईला हे औषध देऊ नये, कारण ते दुधात उतरते व ते दूध आपलीच मुले पितात. जनावर तोलण्यास काटा नसेल तर छातीचा घेर फितीने मोजून वजन काढण्याची रीत आहे. ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून शिकून घ्यावी. मात्रा कमी पडली तर गोचीड व जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढे सगळ्या गावाला ते औषध निरुपयोगी होऊन बसते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करावे. फळीवरची बाटली खाली घ्यावी, पुसावी, तिच्यावरची तारीख वाचावी. मुदत संपली असेल तर ती ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता दवाखान्यात नेऊन द्यावी. मुदत असेल तर कोणत्या जनावरासाठी, किती वजनाला किती, आणि दूध किती दिवस वर्ज्य, हे घरातील शिकत्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे व एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्याच्या दारावर चिकटवावे. पुढच्या वेळी सुई हातात घेण्यापूर्वी तो कागद पाहावा.